चावीवाली नवरी

एकेचाळिसाव्या वर्षी लग्न ठरलं, तेव्हा चावीवालीनं ती बातमी आपल्या टेलर मैत्रिणीला चेंबरमधून सांगितली. म्हणजे झालं असं, की ती रस्त्यातल्या कंबरभर खोल खड्ड्यात उतरून पाण्याचा व्हॉल्व्ह तपासत होती. टेलर वरून कापडाचं गाठोडं घेऊन चालली होती आणि खालून आवाज आला, "अगं, थांब जरा. माझं लग्न ठरलंय."

टेलर थांबली. खड्ड्यात डोकावून म्हणाली, "कोणाशी?"

"बाइंडरशी."

"तो पुस्तकं बांधणारा? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत असतो तो?"

"तोच."

"मग आधी वर ये. अशा गोष्टी खड्ड्यातून सांगत नाहीत."

चावीवाली वर आली. हाताला ग्रीस, गुडघ्यांना चिखल, आणि चेहऱ्यावर असं हसू की टेलरनं गाठोडं तिथंच फुटपाथवर टाकलं आणि तिला त्या ग्रीससकट मिठी मारली.

चावीवाली म्हणजे शहराच्या पाणीखात्यातली बाई. कोणत्या भागाला किती दाबानं पाणी सोडायचं, कुठे काम निघालं तर कुठली लाइन बंद करायची, हे तिचं काम. तिच्याजवळ छातीइतकी उंच लोखंडी चावी असते, वरती आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. ऐकायला सोपं आहे. पण घाईनं फिरवली तर पाण्याचा धक्का बसून मैलभर लांबचा पाइप फुटू शकतो, आणि जोर लावला तर आतला दांडा मोडतो. हे काम मनगटापेक्षा कानानं जास्त होतं.

हे तिला वडिलांनी शिकवलं. तेही चावीवाले. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात सकाळपाळीला जायची, घरी पोरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून ते तिला बरोबर न्यायचे. सहा वर्षांची पोर वडिलांच्या मागे मागे शहरभर फिरायची. लोखंडी दांड्याचं एक टोक पाइपवर टेकवून दुसरं टोक कानाला कसं लावायचं, वाहतं पाणी कसं बोलतं आणि गळतं पाणी कसं कुजबुजतं, हे तिला बाराखडीच्या आधी कळलं. वडिलांनी जुन्या व्हॉल्व्हना नावंही ठेवली होती. एक आजोबा, कारण तो करकरायचा. एक पैलवान. आणि जुन्या बाजारातली एक रुसूबाई, कारण ती उलट्या आट्यांची होती. बाकीचे उजवीकडे फिरवले की बंद होत, ही डावीकडे.

वडील गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. खात्यानं त्यांच्या जागेसाठी परीक्षा घेतली. चार पुरुष आणि ही एक. परीक्षकांनी जमिनीखालची गळती शोधायला सांगितली. चौघांनी यंत्र मागितलं. हिनं दांडा कानाला लावला, अकरा पावलं चालली आणि टाच आपटून म्हणाली, "इथे." खणलं तर तिथेच निघाली. त्या दिवसापासून एकोणीस वर्षं तिच्या भागात पाण्याची बोंब झाली नव्हती. खात्यात चावी हातात घेणारी ती पहिली बाई, पण हे ती कोणाला सांगत बसत नसे. सांगायला वेळही नसे.

बाइंडर भेटला तोही कामातच. त्याच्या दुकानाच्या भिंतीत रात्रंदिवस टिपटिप ऐकू येते, अशी त्याची तक्रार होती. हिनं भिंतीला दांडा लावला, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "पाइप ठणठणीत आहे. तुमच्या कपाटामागे घड्याळ पडलंय." कपाट सरकवलं, तर दोन वर्षांपूर्वी हरवलेलं घड्याळ टिकटिक करत पडलेलं. त्या माणसानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याच्या मनातलंच ओळखून दाखवलं होतं. पुढच्या महिन्यात त्यानं आणखी दोन तक्रारी केल्या. दोन्ही खोट्या निघाल्या. तिसऱ्या वेळी ती चहालाच थांबली.

तर लग्न ठरलं. टेलर आणि नर्स, या दोघी तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. एकाच बाकावर बसून तिघींनी एकमेकींच्या वह्या उतरवलेल्या. त्या दोघींनी जाहीर केलं, की लग्नाआधीचा एक शनिवार-रविवार फक्त बायकांचा. खायचं, कॉकटेलं प्यायची आणि शहर फिरायचं.

"शहर तर मी रोजच फिरते," चावीवाली म्हणाली.

"तू शहराची झाकणं बघतेस," नर्स म्हणाली. "दोन दिवस मान वर करून चाल."

चौथी सोबतीण बाइंडरनं सुचवली, तीही चाचरत. "ताईला न्याल का? ती कुठे जातच नाही." ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, बँकेत मॅनेजर. आईवडिलांमागे तिनंच त्याला वाढवलेलं. नाकावर माशी बसू न देणारी बाई, असं दोघी मैत्रिणींचं मत. पण होणाऱ्या नणंदेला नाही कसं म्हणायचं? ताईंना निरोप गेला आणि आश्चर्य म्हणजे त्या हो म्हणाल्या.

शनिवारी सकाळी चौघी घंटाघराखाली भेटल्या. टेलरनं नवरीसाठी दीड महिना खपून गर्द हिरवा ड्रेस शिवला होता, घोट्यापर्यंत लांब, अंगाबरोबर बसणारा. "माझ्या कामाचा नमुना आहे हा," तिनं बजावलं. "पावलं लहान टाक." नर्सनं वर 'होणारी नवरी' असं लिहिलेला रेशमी पट्टा खांद्यावरून घातला. ताई इस्त्रीचा राखाडी सूट घालून, भलीमोठी पर्स घेऊन आल्या होत्या. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं आणि नजर घंटाघराकडे वळवली.

घंटाघराला दोनशे अकरा पायऱ्या. वर पोचल्यावर सगळ्यांच्या छातीचा भाता चालू होता, पण समोर सगळं शहर पसरलेलं. लाल-करडी छपरं, मधून कालवा, पलीकडे टेकडी. चावीवाली कठड्याला धरून उभी राहिली. वीस वर्षं जे तिनं खालून, तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं, ते पहिल्यांदा एका नजरेत मावत होतं.

"काय बघतेस एवढं?" टेलरनं विचारलं.

"माझा भाग. त्या शाळेपासून कालव्यापर्यंत. ती झाडांची रांग दिसतेय ना, तिच्या खालून मोठी लाइन जाते." मग तिचे डोळे बारीक झाले. "त्यातलं चौथं झाड जास्तच हिरवं दिसतंय. तिथे गळती असणार. सोमवारी बघते."

"आज शनिवार आहे बाई," नर्स म्हणाली आणि तिला दंडाला धरून खाली नेलं.

दुपारपर्यंत त्यांनी पायांचे तुकडे पडेतो शहर पालथं घातलं. बेकरीत गरम पाव खाल्ले, जुन्या चित्रांच्या दालनात एका जाड्या सरदाराच्या चित्रासमोर नर्स हुबेहूब तशीच उभी राहिली आणि तिथल्या रखवालदारालाही हसू आवरेना. ताईसुद्धा एकदा हसल्या. पण लगेच पर्स सावरली.

जेवायला त्या कालव्याकाठच्या मासळीच्या हॉटेलात बसल्या. तिथे ताईंच्या बँकेतली ओळखीची बाई भेटली. ताईंनी ओळख करून दिली. "ही माझी होणारी भावजय. पाणीखात्यात असते. ऑफिसमध्ये."

ती बाई गोड हसून गेली. टेलरचा काटा ताटावर जरा जोरात वाजला. नर्सनं टेबलाखालून तिला पाय मारला.

चावीवालीनं माशाचा काटा काढून बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, मी ऑफिसात फक्त सही करायला जाते. माझं काम रस्त्यात असतं."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "पण सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते."

"लपवायचीही नसते."

आवाज कोणाचाच चढला नाही. ताई ग्लासकडे बघत राहिल्या. चावीवालीला वाईट वाटलं ते स्वतःसाठी नाही. तिला वडिलांची आठवण आली. जेवणाआधी ते नखातलं ग्रीस रॉकेलनं काढायचे, आणि मग त्या हातांकडे असे बघायचे, जणू नवीनच मिळालेत.

साडेपाचच्या सुमारास चौघी जुन्या बाजारात आल्या. अरुंद गल्ल्यांमधला लहानसा चौक, कोपऱ्यावर बार, बाहेर टेबलं मांडलेली, ऊन अजून भिंतींवर. बारमननं कॉकटेलांची लांबलचक यादी दिली. नावं एकापेक्षा एक. टेलरनं जे सगळ्यात लाल दिसत होतं ते मागवलं, नर्सनं जे सगळ्यात कडक होतं ते. ताईंनी लिंबूपाणी. चावीवालीपुढे उंच ग्लास आला. तळाला नारिंगी, वर पिवळा, काठावर संत्र्याची चकती.

"नवरीच्या नावानं," नर्स म्हणाली. चावीवालीनं एक घोट घेतला. आंबटगोड, गार, घशात थोडी चुणचुण. "बरं लागतंय की," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा हात थांबला.

तिच्या तळपायांना खालून धप्प असं काही जाणवलं. बाकी कोणाला कळलंही नाही. तिनं ग्लास खाली ठेवला आणि उठली.

चौकाच्या कोपऱ्यात फुटपाथच्या फरशा उचलल्या गेल्या आणि पाण्याचा लोट माणसापेक्षा उंच उसळला. लोक ओरडत मागे सरले. पाणी उताराला लागलं आणि उताराच्या टोकाला तळघराचा जिना होता. वर पाटी होती, व्यायामोपचार केंद्र. म्हणजे खाली गुडघे धरलेली, काठ्या घेतलेली म्हातारी माणसं.

"मी आत बघते," नर्स म्हणाली आणि सँडल काढून जिन्याकडे धावली.

चावीवालीनं खात्याला फोन लावला. गाडी यायला चाळीस मिनिटं लागतील, असं कळलं. चाळीस मिनिटांत तळघर छतापर्यंत भरलं असतं. तिनं चौकभर नजर फिरवली. रुसूबाई इथेच होती. वडिलांबरोबर इथे आली तेव्हा चावीवाली नऊ वर्षांची होती; त्यानंतर रुसूबाईला हात लावायची वेळच आली नव्हती. झाकण त्या दिव्याच्या खांबापासून वडिलांच्या सहा पावलांवर होतं. तिनं खांबापासून पावलं मोजली. ड्रेस इतका तंग, की तिची सहा पावलं वडिलांच्या तीनएवढीही होईनात. तिनं अंदाज बांधला आणि बारच्या भल्यामोठ्या कुंडीसमोर थांबली.

"ही कुंडी हलवा."

"बाई, ही हलत नाही. चार माणसं लागतात," बारमन म्हणाला.

"मग चार माणसं बोलवा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की पाच आली. कुंडी सरकली. खाली मातीनं झाकलेलं लोखंडी झाकण. आता चावी हवी. चौकामागच्या बागेच्या रखवालदाराकडे झाडांच्या पाण्याची चावी असते आणि तिचं तोंड याच मापाचं असतं, हे तिला ठाऊक होतं. टेलरला तिनं रस्ता सांगितला. पण निघण्याआधी टेलरनं तिच्याकडे पाहिलं. नवरी त्या तंग ड्रेसमध्ये गुडघे टेकायची खटपट करत होती. टेलरनं पिशवीतून कात्री काढली, वाकली आणि दीड महिन्याच्या शिवणीला मांडीपर्यंत चर्रकन चीर दिली.

"बस आता," ती म्हणाली आणि पळाली. पुढे लग्नातही चावीवालीनं तोच ड्रेस घातला. टेलरनं ती चीर शिवली नाही. नीट दुमडून तिला काठ लावला.

चावी घेऊन टेलर परत येईपर्यंत गल्लीत गाड्या घुसून कोंडी झाली होती. आणि मग सगळ्यांनी पाहिलं, की राखाडी सुटातली एक बाई घोटाभर पाण्यात, पर्स डोक्यावर उंच धरून, रस्त्याच्या मधोमध उभी आहे. "मागे घ्या. तुम्हालाच सांगतेय. मागे घ्या," ताई बँकेतल्या आवाजात म्हणत होत्या. एकाही ड्रायव्हरची हुज्जत घालायची छाती झाली नाही. गल्ली मोकळी झाली, तशी टेलर चावीसकट चौकात पोचली.

झाकण उघडलं. चावीवाली चेंबरच्या काठावर गुडघ्यांवर बसली, चावी आत सोडली, गाळातून चाचपत व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली. आणि डावीकडे फिरवू लागली.

"अहो, उजवीकडे," गर्दीतला एक गृहस्थ म्हणाला. "डावीकडे उघडतो. सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतात."

"ही नाही होत," चावीवाली मान वर न करता म्हणाली.

"मी चाळीस वर्षं कारखान्यात—"

"काका, तिला मोजू द्या," टेलर म्हणाली आणि मध्ये उभी राहिली.

एक, दोन, तीन. अकराव्या आट्याला चावी अडली. कित्येक वर्षांचा गंज. जोर लावला असता तर दांडा तुटला असता आणि मग कोणाच्याच हातात काही राहिलं नसतं. तिनं एक आटा मागे घेतला, एक पुढे. पुन्हा एक मागे, दीड पुढे. "चल गं बाई," ती पुटपुटली, अगदी वडिलांच्याच सुरात. पट्टा खांद्यावरून घसरून चिखलात पडला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. आणि मग मुठीत एक बारीक थरथर आली, गंज सुटल्याची. बारावा आटा. तेरावा.

पाण्याचा लोट खांद्याएवढा झाला, मग गुडघ्याएवढा. शेवटचे आटे तिनं इतके सावकाश घेतले, की लोकांचा धीर सुटायची वेळ आली. चौतिसावा आटा बसला तेव्हा कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी नुसतं हललं आणि निपचित झालं.

मग बारमननं टाळी वाजवली आणि सगळ्या चौकानं उचलून धरली. जिन्यावरून नर्स वर आली. तिच्या हाताला धरून एक आजी, मागून आणखी सात जण, सगळे भिजलेले, सगळे सुखरूप. नर्स म्हणाली, "खाली मांडीपर्यंत आलं होतं. मग एकदम थांबलं." चावीवालीचा जीव भांड्यात पडला.

खात्याची गाडी आली, तीतून एक तरुण इंजिनिअर उतरला. त्यानं टॅबलेटवरचा नकाशा पाहिला, चेंबर पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला. "इथे तर व्हॉल्व्हच नाही."

"नकाशा नवा आहे. व्हॉल्व्ह जुना आहे," चावीवाली म्हणाली. "नोंद करून घ्या. उलट्या आट्यांचा आहे, तेही ठळक लिहा. चौतीस आटे."

इंजिनिअरनं तिथंच उभ्या उभ्या नोंद केली. मग टॅबलेट काखेत धरून म्हणाला, "मॅडम, मला असे आणखी दाखवाल? जे यात नाहीत ते?"

"सतरा आहेत. पुढच्या आठवड्यात चालत या. गाडीतून दिसत नाहीत."

उपचार केंद्राच्या डॉक्टरीणबाई ओल्या कपड्यांनीच आल्या आणि ही बाई कोण, असं विचारू लागल्या. टेलर तोंड उघडणार, एवढ्यात ताई पुढे झाल्या. त्यांच्या सुटाची पँट पोटरीपर्यंत भिजली होती.

"माझी भावजय," ताई म्हणाल्या. "चावीवाली आहे. या भागाचं पाणी हिच्या हातात असतं."

चावीवालीनं ते ऐकलं. चिखलात पडलेला पट्टा उचलून तिनं तो पुन्हा खांद्यावर घातला. बारमननं चौघींना आत नेऊन टॉवेल दिले आणि नवे ग्लास भरले. ताईंनी यादी मागवली, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "हिनं घेतलं होतं तेच मला."

रविवारी बोटीतून फिरायचं ठरलं होतं. सकाळी आठला ताईंचाच फोन आला. "बोट राहू दे. पाणी कुठून येतं ते मला बघायचंय."

म्हणून चौघी टेकडीवरच्या जलाशयाकडे गेल्या. तिथल्या रखवालदारानं चावीवालीला पाहून फाटक उघडलं आणि नियमात बसत नसूनही तिघींना आत सोडलं. कालची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना मी ओळखायचो. आज ते हवे होते."

"ते असते तर म्हणाले असते, अकराव्या आट्याला जरा घाई केलीस."

रखवालदार हसला. चावीवालीही हसली, पण तोंड दुसरीकडे वळवून.

खाली उतरताना ताई तिच्याबरोबर चालत होत्या. "अठ्ठावीस वर्षं बँकेत आहे मी," त्या म्हणाल्या. "घरचं कोणी मला काम करताना पाहिलेलं नाही. मीही कोणाचं पाहिलं नव्हतं. काल पाहिलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी जे हॉटेलात म्हणाले ते बरोबर नव्हतं."

"सोडा ना ताई. रस्ता तुम्ही अडवला नसतात तर मी काय करणार होते?"

"ते मात्र खरं," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा मिजास होती, आणि ती त्यांना शोभत होती.

जिथून मोठी लाइन टेकडी सोडून शहराकडे उतरते, तिथे पाइप उघडा आहे, माणसाच्या मिठीत न मावणारा. टेलरनं तिथल्या कट्ट्यावर डबे मांडले. नर्स सूज आलेले पाय पसरून बसली. चावीवालीनं रखवालदाराकडचा दांडा आणला, एक टोक पाइपवर टेकवलं आणि दुसरं ताईंच्या कानाशी धरलं.

ताईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, एक हात पाइपवर ठेवून.

"काय ऐकू येतंय?" नर्सनं विचारलं.

"खूप माणसं चाललीत, असं वाटतंय," ताई म्हणाल्या. "घाई नाही कोणाला."

"पाऊण तासात बाजारात पोचतील," चावीवाली म्हणाली आणि डब्यातला पहिला घास ताईंपुढे केला.